गिटारवरचा चैत्र

मार्च सरत आला की आमच्या बिबवेवाडीतले आवाज खाली येतात. एरवी शांततेचं आणि आमचं फारसं सख्य नाही. इमारतीच्या तळाशी पिठाची गिरणी, शेजारी गॅरेज आणि पलीकडच्या मंगल कार्यालयात बारमाही कुणाचं ना कुणाचं लग्न. पण परीक्षा लागल्या की टीव्ही हळू होतात, भांडणंसुद्धा खिडक्या लावून होतात. सोसायटीच्या फाटकावर दर वर्षी नवा फळा लागतो. यंदाचा असा आहे: "इमारतीत परीक्षार्थी आहेत. हॉर्न वाजवून आपण आल्याचे कळवू नये. कोणालाही उत्सुकता नाही."

कडुलिंब फुलतो, त्याचा कडवट गोड वास संध्याकाळी जिन्यापर्यंत चढतो. गच्चीवर कुरडया वाळतात. मार्केट यार्डाकडून येणारे टेम्पो वळणावर हेलकावले की मागे कैऱ्यांचा वास ठेवून जातात. आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं हुळहुळू लागतात. आता ती चांगली घट्ट झालीत, चहाचा गरम कप त्यांना कळत नाही. तरी या दिवसांत ती हुळहुळतात, कारण त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्यावर फोड आले होते आणि त्या फोडांचा मला अतोनात आनंद झाला होता.

त्याआधीच्या दिवाळीपर्यंत मी गात होते. गाण्याचा क्लास घेत होते. आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सतरंजी पसरायची, पेटी उघडायची, शाळेतून आलेल्या मुली अर्धवट वेण्यांनी बसायच्या आणि मी सा लावायचे. नंतर गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, घरात पेढे आले. फक्त आवाजाची एक नस दुखावली गेली. कधी कधी होतं असं, डॉक्टर म्हणाले, वाट बघू. हिवाळाभर वाट बघितली. फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं आणि खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "बोलण्यापुरता आवाज आलाय, तो राहील. गाण्याचं मात्र मी खोटं सांगणार नाही."

तो बोलण्यापुरता आवाज म्हणजे माठाच्या तळाशी वाळू घासल्यासारखा काहीतरी होता. गॅसचा नंबर लावायला फोन केला की पलीकडचा माणूस "हो सर" म्हणायचा. माझे यजमान, सुधीर, म्हणाले, "बढती झाली तुझी." मी हसले. पुण्यात माणसं अशीच धीर देतात, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. पण पेटी मी कपाटावर चढवली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. मुलींना मागच्या गल्लीतल्या एका बाईंकडे पाठवलं. संध्याकाळ झाली की हॉलमध्ये काय करायचं हे मला कळेनासं झालं. मी सतरंजी पुन्हा पुन्हा झटकायचे.

आमची मुलगी इरा तेव्हा बारावीला होती. गेली काही वर्षं ती गिटार शिकत होती. शिकवायला घरी यायचा तो नदीम. खडकीचा, सत्ताविशीचा, उंच आणि थोडा वाकून चालणारा. त्याची कितवी तरी पिढी खडकी बाजारात, वडील तिथल्याच फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तो लग्नांत वाजवायचा, हॉटेलांत वाजवायचा आणि उरलेल्या वेळात शिकवायचा. जानेवारीत इरानं त्याला सांगितलं, "सर, परीक्षा संपेपर्यंत बंद." ती दिवसभर अभ्यासिकेत बसू लागली. गिटार हॉलच्या कोपऱ्यात, ताटकळत ठेवलेल्या पाहुण्यासारखी, उभी राहिली.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी नदीम आला. त्याला एका मोठ्या प्रवासी जहाजावरच्या वाद्यवृंदात घेण्याची शक्यता होती. परीक्षा पास झाला तर मे महिन्यात तो जाणार होता, ते इराला सांगायला आला होता. इरा यायला वेळ होता. मी म्हटलं बसा, आणि आत कैऱ्या चिरायला गेले. बाहेर त्याने सवयीने गिटार मांडीवर घेतली आणि सुरावट वर-खाली फिरवू लागला. पुन्हा पुन्हा तीच.

विळीवरून उठून मी कधी बाहेर आले मला कळलं नाही.

"हा काफी आहे," मी म्हणाले.

तो दचकला. "नाही काकू, हा डोरियन. जॅझमध्ये लागतो. मला जहाजाच्या परीक्षेला हे सगळे मोड, म्हणजे स्केलचे प्रकार, तयार हवेत."

"ग आणि नी कोमल, बाकीचे शुद्ध. काफीच तो."

त्याने बोटांकडे बघत ओठांत सा रे ग म म्हणून पाहिलं. मग डोळे मोठे केले. "आयला, हो की! सॉरी. पण हो की!"

त्याला काफीची चाल कशी असते ते दाखवावं म्हणून मी तोंड उघडलं. दिवाळीपासून पहिल्यांदा. आणि जो आवाज आला तो आल्याआल्याच मोडला. हॉलमध्ये गिरणीचा पट्टा तेवढा ऐकू येत राहिला. अशा वेळी लोक काय करायचे हे मला पाठ झालं होतं. एक तर दुसरीकडे बघायचे, नाही तर "येईल हो हळूहळू" म्हणायचे. नदीमने यातलं काही केलं नाही. त्याने गिटार उचलून माझ्यासमोर धरली.

"बोटांनी सांगा."

"मला येत नाही वाजवता."

"हा सा. एक घर सोडून रे. त्याच्या शेजारचा कोमल ग. पुढचं तुम्हालाच माहितीये."

मला माहीत होतं. एकाच तारेवर, एका बोटाने, सांडशीने पापड उलटावेत तसं, मी काफीचा आरोह वाजवला. सूर खरखरले, अर्धे दबले गेले. पण माझ्या डोक्यात जे होतं ते माझ्या बाहेर ऐकू आलं. इतके महिने ते आतल्या आत गोळा होऊन राहिलं होतं. कैरीच्या चिकानं तार बरबटली. नदीम म्हणाला, "इराचा वेळ मोकळाच आहे माझ्याकडे. मंगळवार, शुक्रवार. तुम्ही शिका."

"अहो, या वयात?"

"गिटारला घसा लागत नाही," तो म्हणाला. मग आपण काय बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाला. पण मला त्या वाक्याचा राग आला नाही. इतकं कामाचं वाक्य मला त्या वर्षी कुणी बोललं नव्हतं.

अशी ती सकाळची शिकवणी सुरू झाली. इरा अभ्यासिकेत, सुधीर कामावर, घर रिकामं. पहिल्या आठवड्यात नुसता बिलावल, म्हणजे त्याचा मेजर स्केल. सगळे शुद्ध सूर, जगातल्या निम्म्या गाण्यांचा पाया. एक घर सोडून, एक घर सोडून, मग लगेच शेजारचं. पोलादी तारा बोटांत रुतायच्या. पोळ्या लाटताना लाटणं लागलं की कळ यायची आणि त्या कळेनं मला बरं वाटायचं. अंगातला कुठला तरी भाग पुन्हा गाण्यासाठी दुखत होता.

मग पाच सुरांचा पेंटॅटॉनिक. त्याने वाजवला आणि म्हणाला, "हा कंट्री म्युझिकचा जीव. घोडे, कुरणं, गुराखी." मी म्हटलं, "हा भूप. संध्याकाळ, देवघर, उदबत्ती." आम्ही दोघं आळीपाळीनं तेच पाच सूर वाजवत बसलो. त्याच्या हातात ते टापा टाकत जायचे, माझ्या हातात पाय दुमडून बसायचे. सूर तेच होते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना कोण किती थांबतं एवढाच काय तो फरक होता आणि त्या एवढ्याशा फरकात दोन खंड मावत होते.

सगळ्यात अवघड गेला ब्लूज. सूर पाचच, आमच्या धानी रागाचे, आणि त्यात चोरून घुसवलेला एक तीव्र मध्यम. त्याच्यावर थांबायचं नाही, अंग घासून पुढे जायचं. आणि गंधार? तो कोमलही नाही, शुद्धही नाही. तार दाबायची आणि वर ढकलायची, पण पुरती पोचू द्यायची नाही. मी जन्मभर मुलींना सांगत आले होते की सूर नेमका लागला पाहिजे, टाचणीच्या डोक्याएवढा. आणि हा मुलगा सांगत होता, "काकू, तुम्ही फार बरोबर वाजवताय. जरा चुकवा."

"किती चुकवू?"

"रडू येण्याआधी आवाज कसा होतो? तेवढा."

मी तार ढकलली. गंधार हलला, घोगरा झाला, मधेच अडकला. तो आवाज मला ओळखीचा वाटला. आरशात नाही का कधी आपण तयार नसताना दिसतो, तसा. माझ्या आत्ताच्या घशातून येणारा तो सूर होता, आणि जगात कुठेतरी माणसं तो मुद्दाम, मेहनतीनं, अंगावर काटा यावा म्हणून लावत होती. मी गिटार बाजूला ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चहा टाकला.

रमजान लागला होता. चहा एकाच कपात आणताना मला अपराध्यासारखं वाटायचं. "तुम्ही प्या हो," नदीम म्हणायचा, "मी वासावर आहे." कोरड्या घशानं तो तासभर बोलायचा आणि उन्हातून खडकीला परत जायचा. मी एकदा म्हटलं, हे दिवस सुट्टी घे. एव्हाना 'सर' आणि 'अहो' दोन्ही गळून पडलं होतं. तो म्हणाला, "सुट्टी घेतली तर माझी तयारी कुठे होणार? जहाजावर कुणीही काहीही फर्माईश करतं. तुम्हाला शिकवताना माझं पक्कं होतंय."

ते खरंच होतं. पण त्याच्या वाजवण्यात काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे मला एका सकाळी सापडलं. "तू शिडी चढतोस आणि उतरतोस," मी म्हटलं. तो हसला, म्हणाला, स्केलचा अर्थच शिडी. "असू दे. पण शिडीवर कुणी राहत नाही. एखाद्या पायरीवर बस की. आधी मनात गा, मगच तार छेड." मग मी हातवाऱ्यांनी, टाळीनं, बोटांवर सूर मोजून त्याला पलटे, सुरांच्या त्या उलटसुलट ओळी, घोकायला लावले. माझ्या मुलींना लावायचे तसेच. तो खड्या, मोकळ्या आवाजात गायचा आणि मी मान हलवून चूक-बरोबर सांगायचे. हॉलमध्ये पुन्हा सा लागला होता. मी लावलेला नव्हता, पण माझ्यासमोर लागला होता.

एकदा घाईत माझी तार तुटली. नवी आणायला मी बुधवार पेठेत गेले. दगडूशेठच्या रांगेला वळसा घालून, रेडिओ आणि वायरींच्या दुकानांतून वाट काढत, वाद्यांच्या एका अरुंद दुकानात शिरले. काउंटरमागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी माझी साडी पाहिली, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर पाहिली, मग बोटं पाहिली. "मग हलक्या घ्या. पोळ्याही करायच्या असतील."

परत येताना बसमध्ये मी तारांचं पाकीट हातातच धरून ठेवलं होतं. खूप दिवसांनी स्वतःसाठी काहीतरी वेडं केल्याची ती चोरटी खुशी अजून आठवते.

आणि मग मोड. नदीमने सांगितलेलं मला एका झटक्यात कळलं, कारण आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि माझ्या गुरूंनी माझ्याकडून ती घोकून घेतली होती. सात सूर तेच ठेवायचे, फक्त घर बदलायचं. बिलावलचेच सूर रे पासून सुरू केले की काफी. ग पासून भैरवी. नदीम म्हणे फ्रिजियन, मेटलवाले याच्यावर डोकी हलवतात. म पासून कल्याण. प पासून खमाज, आणि त्याच्यावर निम्मं रॉक उभं. ध पासून आसावरी. काहीही नवं आणायचं नाही, काही टाकायचं नाही. फक्त कुठे बसून बघायचं ते ठरवायचं, की सगळं घर वेगळं दिसतं. मी घोकलं होतं तेव्हा ते गणित होतं. त्या चैत्रात ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

उरला नी. त्याच्यापासून सुरू केलं की येतो लोक्रियन, आणि त्याचा पंचमच जागेवर नसतो. तंबोरा सा आणि प वर उभा असतो. इथे प पायाखालून अर्धा घसरलेला. "आमच्या रागांच्या दहा थाटांत याला जागाच नाही," मी म्हटलं. नदीम म्हणाला, "आमच्याकडे नाव आहे, पण राहत कुणी नाही तिथे."

मला तो फार आवडला. प्रत्येक शिकवणीच्या शेवटी मी तो वाजवायचे. टेकायला काही नसलेली ती सुरावट मला त्या दिवसांत माझ्या मापाची वाटायची. नदीम वाट बघायचा. मग एका शुक्रवारी आम्ही खमाजात इतके रमलो की मी तो वाजवायचं विसरले. गिटार पिशवीत घातल्यावर माझ्या लक्षात आलं. नदीमच्याही आलं असणार, पण त्याने आठवण केली नाही.

बारावी संपली, सीईटीचा अभ्यास सुरू झाला, इरा अभ्यासिकेतच होती. एक दिवस तिथली वीज गेली म्हणून ती भर दुपारी परत आली. मी एकटीच वाजवत बसले होते. दार उघडल्याचं कळलं नाही. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "मला वाटलं नदीम सर आलेत. मग वाटलं, सर इतके चुकत नाहीत."

मी हसून गिटार तिच्यापुढे केली. तिने घेतली नाही. सॅक पाठीवर तशीच ठेवून खाली बसली आणि म्हणाली, "आई, परीक्षेसाठी नव्हतं बंद केलं मी."

"मग?"

"मी वाजवायला लागले की तू ऐकायचीस. आणि जरा वेळानं उठून आत जायचीस. दर वेळी. नळ सोडायचीस. मला वाटलं, या घरात आत्ता गाणं नको." तिने सॅकचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तू वाजवतेस हे मला माहितीये. कधीपासूनच. तुझी बोटं दिसतात ना, आमटी वाढताना. मी विचारलं नाही. वाटलं, विचारलं तर बंद करशील."

तिच्याजवळ बसून मी तिची सॅक उतरवली. मग मी तिला ब्लूजचा गंधार वाजवून दाखवला. तिने ऐकलं आणि माझं बोट धरून तार आणखी थोडी वर ढकलली. "इथपर्यंत," ती म्हणाली.

आता माझा क्लास पुन्हा चालतो. पेटी खाली आलीय, शेजारी इराची जुनी गिटार आहे. मुली गातात, मी वाजवते. कुणी बेसूर झाली की मी तिचा सूर तारेवर धरते आणि थांबते. ती शोधत शोधत येते आणि सापडला की तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मला आता रोज बघायला मिळतं. त्यातली एक काफीला डोरियन म्हणते, मुद्दाम. नदीम जहाजावरून अधूनमधून काहीतरी वाजवून पाठवतो. मागे लाटांचा नाही, जेवणाऱ्यांच्या काट्या-चमच्यांचा आवाज असतो, आणि वाजवताना तो आता शिडीच्या पायऱ्यांवर बसतो. इरा इंजिनिअर होतेय, सुट्टीत येते, तिच्या बोटांपेक्षा माझी बोटं घट्ट आहेत याचा मला थोडा गर्व आहे. आवाज आहे तसाच आहे. गॅसवाला अजून सर म्हणतो. डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही, नदीमने खरं सोपं करून दिलं, मुलीनं विचारलं नाही. या तिघांचंही मी देणं लागते, आणि ते फेडायची मला घाई नाही. लागत राहावं असंच वाटतं.

पण त्या मोसमातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते गोखले बाईंकडचं चैत्रातलं हळदीकुंकू.

गोखले बाई आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे दर वर्षी चैत्रगौर झोपाळ्यात बसते, पुढे कलिंगडाची कमळं, डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आणि दर वर्षी गौरीपुढे मी गायचे. बायका भिंतीला टेकून ऐकायच्या. त्या वर्षी मी जायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यांना कुठून कळलं कोण जाणे, आदल्या दिवशी त्या दारात उभ्या.

"आमंत्रण द्यायला आलेली नाही मी. किती वाजता येतेस ते विचारायला आलेय."

"बाई, मला गाता येत नाही आता."

"ते सगळ्या सोसायटीला माहीत आहे. डाळ खाता येते ना? आणि येताना ते वाद्य घेऊन ये. भिंतीतून ऐकतेय मी रोज. आधी फार वाईट वाजवायचीस. आता नुसतं वाईट वाजवतेस. प्रगती आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी साडीवर गिटार अडकवून शेजारच्या दारापर्यंतचं अंतर चालून गेले. इतकी भीती मला गाण्याच्या परीक्षेतही वाटली नव्हती. इरा माझ्या मागे होती. त्याच वेळी नदीम जिना चढून आला. त्याची जहाजाची परीक्षा सकाळीच झाली होती आणि तो पास झाला होता, ते सांगायला आला होता. गोखले बाईंनी त्याला दारातच गाठलं. "मास्तर ना तुम्ही हिचे? आत या. विद्यार्थिनी नापास झाली तर तुम्ही समोर हवेत." त्याचा रोजा आहे असं मी सांगताच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, डाळीची एक वाटी आणि पन्ह्याचा पेला झाकून त्याच्याशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "वेळ झाली की घ्या. कुणी हात लावणार नाही." तो दाराजवळ, चपलांच्या कपाटाला टेकून, अंग चोरून बसला.

मी गौरीसमोर बसले. बायकांत कुजबूज झाली. कुणीतरी हळूच म्हणालं, "गौरीला इंग्रजी ऐकवणार वाटतं." मी भूप वाजवला, अगदी संथ. दोन सूर फुकट गेले. संपल्यावर बायका सवयीने टाळ्या वाजवणार, एवढ्यात गोखले बाई म्हणाल्या, "हे ठीक. आता आपलं नेहमीचं गाणं."

गौरीचं ते जुनं गाणं मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ होतं, कारण इतकी वर्षं त्यांनी ते माझ्याकडून ऐकलं होतं. मी माझ्या नेहमीच्या पट्टीत सुरुवात वाजवली. एक-दोघींनी तोंड उघडलं आणि पहिल्या ओळीच्या मध्यावरच आवाज फाटले. खोकला, हशा. "वैशाली, तुझी पट्टी आम्हाला कुठली झेपायला! आम्ही काय गाणाऱ्या आहोत?" आणि सगळ्या पुन्हा भिंतीला टेकल्या.

मी तारेवर हात ठेवून तिचं घुमणं बंद केलं. आणि विचारलं, "बाई, तुमचा सा कुठला?"

गोखले बाई गोंधळल्या. हजारो मुलांकडून त्यांनी प्रार्थना म्हणवून घेतली असेल, पण हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नसावा. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून त्यांनी 'आ' असा सूर लावला. खालचा, जाडाभरडा, जरा हलणारा. मी तारेवर तो शोधत गेले. इथे नाही. इथे नाही. इथे. गिटारवर पट्टी बदलणं फार सोपं असतं, बोटांची ठेवण तीच ठेवायची आणि हात तेवढा सरकवायचा.

मी पुन्हा सुरुवात वाजवली, त्यांच्या घरातून. गोखले बाईंनी पहिली ओळ एकट्यांनी म्हटली. दुसऱ्या ओळीला खालच्या मजल्यावरच्या साळवे वहिनी आल्या, मग मघाशी 'इंग्रजी ऐकवणार' म्हणालेल्या बाई आल्या. माझ्या मागून एक कोवळा, न शिकवलेला, नेमका आवाज आला आणि तो इराचा आहे हे कळायला मला एक कडवं लागलं. लहानपणी पेटी उघडली की पळून जाणारी माझी मुलगी गात होती. दाराजवळ नदीमने कपाटाच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला होता. बाहेर उजेड उतरला, त्याची वेळ झाली असणार, पण झाकलेली वाटी झाकलेलीच होती. कडवं संपल्यावर तो पन्ह्याचा घोट घेणार, तोवर बायकांनी पुढचं कडवं उचललं आणि त्याने एका हातात पेला धरून दुसऱ्या हाताने ठेका चालू ठेवला. मी वाजवत होते. माझे ओठ शब्दांबरोबर हलत होते आणि घशातून काहीतरी खरखरीत, वाळूसारखं निघत होतं, ते त्या सगळ्यांत कुठे मिसळून जात होतं मला कळत नव्हतं.

गाणं संपलं. झोपाळ्यातली गौर थोडी हलत होती, कुणाचा तरी धक्का लागला असेल. दर वर्षी या जागी टाळ्या व्हायच्या. त्या वर्षी झाल्या नाहीत. ऐकायला कुणी उरलंच नव्हतं; सगळ्याच गात होत्या.